टकूबाईची साक्ष

मी एक खुर्ची बोलतेय. आता 'खुर्ची' म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे एखादे मंत्रीसाहेब येऊन बसले असतील, तर त्यांना आधी उठवा. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नाही की कुणी पक्ष बदलला नाही. उलट माझ्यावर बसायची पाळी आली की भल्याभल्यांना घाम फुटतो. मी आहे साक्षीदाराची खुर्ची. शाळेतल्या सगळ्यात वरच्या वर्गाला जिथं सामाजिक शास्त्र आणि कायदा शिकवतात, त्या खोलीत फळ्याच्या डाव्या अंगाला माझी जागा. मुलं मला टकूबाई म्हणतात. हे नाव कसं पडलं ते सांगते, पण ओळीनं सांगू द्या. मधे बोलायचं नाही, आमच्या कोर्टात तसा नियम आहे.

शाळेचं जुनं दार बदललं, तेव्हा त्याच्या लाकडातून सुतारमामांनी मला घडवलं. म्हणजे मी मूळची दार. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघायची खोड मला जन्मापासूनच आहे.

माझी पहिली नेमणूक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत झाली. शाळेत सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यांच्या टेबलासमोर, बोलावून घेतलेल्या आईबापांसाठी मला ठेवलं होतं. काय काय बसणी बघितली मी! "आमचा मुलगा तसा नाहीच हो" म्हणणारे बाप ऐसपैस टेकून बसायचे. ज्यांच्या पोराची काही चूक नसायची, त्या आया मात्र माझ्या कडेवर कशाबशा टेकायच्या आणि पर्सचा पट्टा पिळत राहायच्या. बसण्यावरून माणूस ओळखता येतो, असं मला तेव्हा वाटायचं. आता नाही वाटत.

पुढे बाईंच्या खोलीत गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी झाली बाहेर, नळाजवळ. रोज सकाळी फरशी पुसणारी मावशी ओला पोछा आणून माझ्या एकाच पायावर आपटायची. तिचं काही वाकडं नव्हतं माझ्याशी, पाय वाटेत होता एवढंच. पण पाण्यानं तो कुजला. मामांनी कुजका भाग कापून टाकला नि पाय बोटभर आखूड झाला. "उद्या खाली रबर ठोकतो," म्हणाले. सुताराचा उद्या कधी उजाडतो, हे काय तुम्हाला नव्यानं सांगायला हवं? मी अडगळीच्या खोलीत जाऊन पडले. तिथं सोबतीला एक फुटका पृथ्वीगोल होता, पण तो एक शब्द बोलेल तर शपथ.

तिथून मला बाहेर काढलं मुद्देसरांनी. सामाजिक शास्त्र आणि कायदा हे दोन्ही तेच शिकवतात. कुणी फाटे फोडायला लागलं की "मुद्द्यावर या, मुद्द्यावर या" असं म्हणतात, म्हणून मुद्देसर. त्यांना कायद्याच्या तासाला वर्गात कोर्ट भरवायचं होतं, साक्षीदाराला बसायला काहीतरी हवं होतं. मी डगमगते हे बघून ते हसले आणि म्हणाले, "राहू दे अशीच. साक्ष देताना माणसाला थोडं अवघड वाटायलाच हवं."

आता नावाची गोष्ट. अशाच एका खोट्या-खोट्या खटल्यात एक मुलगा चोर झाला होता. "मी त्या दिवशी गावातच नव्हतो!" असं तो ठसक्यात म्हणाला आणि नेमका त्याच वेळी सरकला. माझा आखूड पाय फरशीवर आपटला. टक! वर्ग हसून हसून लोळला. "पकडला! खुर्चीनं पकडला!" सरही हसले. झालं, तेव्हापासून मी टकूबाई. खोटं बोललं की टकूबाई वाजते, ही गंमत एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेली, आणि जाता जाता तिच्यातली गंमत कुठं गळाली ते कुणालाच कळलं नाही. मला कळत होतं, पण मला विचारतो कोण? आणि खरं सांगू? मलाही जरा बरं वाटायचं. नळाजवळ पोछा खाणारी मी, आणि आता सगळा वर्ग माझ्या एका टकेसाठी श्वास रोखून बसायचा.

ज्या वर्षी हे सगळं घडलं, त्या वर्षीच्या वर्गातली दोन माणसं तुम्हाला ठाऊक असायला हवीत. एक रेडिओ. नावातच सगळं आलं. सकाळी सुरू व्हायचा तो शाळा सुटेपर्यंत. मनाचा निर्मळ, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरी गोगलगाय. ही वर्गप्रमुख. हळू चालायची, हळू बोलायची, बहुतेक वेळा बोलायचीच नाही. सगळ्यांच्या आधी येऊन खोली उघडायची, सगळ्यांच्या नंतर कुलूप लावायची. कुणी बघत नसलं की माझ्यावर बसून पाय हलवत कायद्याचं पुस्तक वाचायची. अख्ख्या शाळेत माझी टकटक करमणूक म्हणून ऐकणारी ती एकटीच. तिला पुढं वकील व्हायचं होतं. "तू? आणि वकील? न्यायाधीश झोपतील गं!" असं रेडिओ म्हणायचा आणि तीही हसायची.

वर्गानं प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं एक गाव केलं होतं. नदी, पूल, दवाखाना, बाजार आणि मधोमध कोर्ट. खिडकीखालच्या टेबलावर ते मांडलं होतं. महिनोन् महिने पोरं त्यावर वाकलेली असायची. सगळ्यात जास्त खपला तो रेडिओ. कोर्टाच्या पायऱ्या त्यानं काड्यापेटीच्या काड्यांनी एकेक करून रचल्या होत्या.

सोमवारी सकाळी गोगलगाईनं दार उघडलं आणि दारातच थिजली. खिडकी उघडी, पडदा चिंब, आणि गावाचा चिखल झालेला. कोर्ट भिजून नदीत बसलं होतं. मागून मुलं आली. कुणी रडलं, कुणी ओरडलं. रेडिओ मात्र काहीच बोलला नाही. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी गाव बघितलं, खिडकी बघितली आणि मुद्देसरांना म्हणाल्या, "सर, शाळा सुटायच्या आत मला नाव हवं. ज्यानं ही खिडकी उघडी टाकली, तो पंधरा दिवस घरी बसेल. मग तो कुणी का असेना."

कायद्याची तोंडी परीक्षा त्याच पंधरा दिवसांत होती. ती हुकली की वर्ष वाया. गोगलगाईचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. किल्ली एकच होती आणि ती तिच्याकडे होती. सगळ्यांच्या नजरा त्या खिशावरच खिळल्या.

"चौकशी मी करणार," मुद्देसर म्हणाले. "आत्ता तास. बसा."

काय योग बघा, त्या दिवशी सामाजिक शास्त्राचा धडा होता जुन्या काळच्या न्यायाचा. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दिव्य'. पूर्वी आरोपीच्या हातावर तापलेलं लोखंड ठेवायचे. हात भाजला की तो गुन्हेगार. कुठं माणसाला पाण्यात टाकायचे आणि तरंगतो की बुडतो त्यावर निकाल द्यायचे. वर्गाला जरा कंठ फुटला. रेडिओ म्हणाला, "काय बिनडोक लोक हो सर! लोखंडाला काय कळतंय खरं नि खोटं?" सगळे हसले. सरांनी विचारलं, "मग त्यांना ते खरं का वाटायचं?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. प्रश्न फळ्याजवळ तसाच लोंबकळत राहिला, आणि पाणी कुठून आलं ते बघायला सर प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले.

मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही. दार लोटून घेतलं आणि पोरांनी स्वतःच कोर्ट भरवलं. वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळे लंबी म्हणायचे, ती न्यायाधीश झाली. वकीलही रेडिओ आणि पहिला साक्षीदारही रेडिओच. आमच्या कोर्टात हेही खपतं!

तो माझ्यावर बसला तो पाय जमिनीत रोवून. "शनिवारी मी नदीला शेवटचा हात मारला आणि गेलो. मी खिडकीला हातसुद्धा लावला नाही." मी गप्प. माझ्यावर इतका भार रोवून कुणी बसलं तर मी हलणार कशी?

आणि इथं माझा जीव तुटायला लागला, कारण मी शनिवारी त्याच खोलीत होते. मी सगळं बघितलं होतं. नदी ओली होती. ती लवकर वाळावी म्हणून रेडिओनंच खिडकी उघडली होती. ऊन लागून रंग तडकू नये म्हणून वर पडदा ओढला होता. इतक्यात खालून मित्रांनी खेळायला हाक मारली आणि तो ब्रश टाकून धावत सुटला. मग गोगलगाय आली. दारातून खोलीवर नजर फिरवली, ओढलेला पडदा बघून खिडकी बंदच आहे असं तिला वाटलं, आणि तिनं कुलूप लावलं. रविवारभर पाणी आत येत राहिलं. रेडिओ खोटं बोलत नव्हता हो. तो साफ विसरला होता. शेंडीपासून टाचेपर्यंत त्याची खात्री होती आणि खात्री असलेला माणूस हलत नाही.

मग गोगलगाईला बसवलं. तिचं अंग थरथरत होतं, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. "मी खिडकी उघडली नाही," ती म्हणाली.

टक!

मी स्वतःला आवरायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! पण लाकडाला काय आवरता येतं?

"परत सांग," लंबी म्हणाली.

"खरंच नाही उघडली." टक. टक.

"बघा!" रेडिओ ओरडला. "गोगलगाय आणि पोटात पाय! आमची एवढी मेहनत पाण्यात घातली, आणि वर तोंड करून नाही म्हणते!" मग सगळेच तुटून पडले. ती काहीतरी सांगत होती, पण तिचा आवाज माझ्यापर्यंतही पोचत नव्हता. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. लंबीनं डस्टर टेबलावर आपटलं. निकाल लागला. त्या निकालाचा पुरावा होते मी. आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. याच्यापेक्षा नळाजवळचा पोछा बरा होता.

घंटा झाली. कायद्याच्या तासाला मुद्देसर आले ते पँटचे पाय भिजवून. "गच्चीवरची टाकी काल दिवसभर वाहत होती," ते म्हणाले. "सगळं पाणी या खिडकीवर पडत होतं. आता खिडकी उघडी कशी राहिली, एवढंच बघायचंय."

"ते आम्ही शोधलं सर," लंबी म्हणाली. "हिनंच उघडली."

"कशावरून?"

"टकूबाई वाजली."

सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग परत माझ्याकडे. त्यांचा चेहरा पडला. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी दुसरंच कुणीतरी बोललं.

"सर, मला उलटतपासणी घ्यायचीय." गोगलगाय उभी राहिली होती. आवाज बारीकच होता, पण आता तो मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क आरोपीला असतो. तुम्हीच शिकवलंय."

"असतो," सर म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

"रेडिओ, ये. बस. पण पाय वर घे."

"पाय कशाला?"

"घे तर."

तो कुरकुरत बसला आणि पाय उचलले.

"तुझं नाव सांग. खरं, हजेरीतलं."

त्यानं सांगितलं. टक!

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "आईचं नाव?" टक! "आज वार कुठला?" "सोमवार." टक, टक! आता अख्खा वर्ग हसत होता. रेडिओ माझ्यावर डुगडुगत होता आणि त्यालाही हसू आवरत नव्हतं. मी काय वाजले म्हणता! आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी वाजले नाही.

तिनं मात्र फळ्याकडे बोट केलं. सकाळचा शब्द कुणी पुसला नव्हता. "लोखंडाला काय कळतंय, असं सकाळी तूच म्हणालास," ती म्हणाली. "मग लाकडाला काय कळतं?"

हसणं जागच्या जागी थांबलं. लंबीनं मान खाली घातली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी सगळ्या वर्गाची गत झाली होती.

"आता पाय खाली ठेव, नीट बस," गोगलगाय म्हणाली. "आता खरे प्रश्न. शनिवारी नदी कुणी रंगवली?"

"मी."

"तू गेलास तेव्हा रंग वाळला होता?"

"नाही. कसा वाळेल? दोन हात दिले होते. म्हणून तर मी..."

तो थांबला. नजर खिडकीवर गेली, पडद्यावर गेली. चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणून तू काय केलंस?" तिनं विचारलं. घाई नाही, चढा सूर नाही. त्याला आठवायला तिनं वेळ दिला. रेडिओला असा वेळ बहुधा कुणी दिलाच नव्हता, आणि त्यानंही कुणाला दिला नव्हता.

"मीच उघडली," तो म्हणाला. "अरे देवा. मीच उघडली गं. वर पडदाही मीच ओढला." काखेत कळसा आणि गावाला वळसा! जो आरोपी शोधायला एवढं कोर्ट भरवलं, तो स्वतःच साक्ष देऊन मोकळा झाला होता. पोराच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मी तुला काय काय बोललो. आणि तू ऐकत राहिलीस."

"मीही कुलूप लावताना पडदा सरकवून बघितलं नाही," ती म्हणाली. "तेवढी चूक माझी आहे."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून कोण जाणे. "मग नाव मिळालं तर," त्या म्हणाल्या.

रेडिओ उठला. "माझं, बाई." पंधरा दिवस आणि तोंडी परीक्षा त्याच्याही डोळ्यांपुढं आली असणार.

आणि ज्या पोरीला त्यानं तासाभरापूर्वी फाडून खाल्लं होतं, तीच पुढं झाली. "बाई, मी त्याची बाजू मांडू का? त्यानं गाव वाळावं म्हणून खिडकी उघडली, बुडावं म्हणून नाही. टाकी वाहील हे त्याला कसं माहीत असणार? चूक आहे, पण गुन्हा नाही. आणि त्याला घरी बसवलं तर गाव परत बांधणार कोण? त्या कोर्टाच्या पायऱ्या त्याच्याशिवाय कुणालाच जमत नाहीत."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वकील लावायचा झाला तर हिलाच लाव रे बाबा," त्या रेडिओला म्हणाल्या. "घरी कुणी बसणार नाही. प्रदर्शनापर्यंत गाव उभं राहिलं पाहिजे. सगळ्यांनी मिळून. आणि ती टाकी मी आजच बघायला लावते." माझा जीव भांड्यात पडला.

बाई गेल्यावर मुद्देसर फळ्याजवळ आले. "पहिल्यांदा ही वाजली तेव्हा मी तुमच्याबरोबर हसलो होतो," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं." इतकं साधं बोलून त्यांनी पुस्तक उघडलं, पण त्या तासाला त्यांना मुद्द्यावर यायला जरा वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी सुतारमामा रबराचा तुकडा आणि हातोडी घेऊन हजर. इतक्या वर्षांनी त्यांचा उद्या उजाडला! पण मुलांनी त्यांना माझ्याजवळ येऊच दिलं नाही. "मामा, राहू द्या. ती आम्हाला अशीच हवी." मामा चक्रावले, कपाळाला हात लावून निघून गेले. तेव्हापासून या खोलीत एक रीत पडली. कायद्याच्या पहिल्या तासाला प्रत्येक नव्या मुलानं पाय वर घेऊन माझ्यावर बसायचं आणि स्वतःचं खरं नाव सांगायचं. मी वाजते, सगळे हसतात, आणि मग सर विचारतात, "हं, आता ह्याला खोटारडा ठरवायचं का?" त्यानंतर पुस्तक उघडतं.

तोंडी परीक्षा याच खोलीत झाली. गोगलगाय माझ्यावर बसली. समोर दोन अनोळखी परीक्षक, आणि पोरीच्या पायांना पुन्हा कापरं भरलेलं. पहिल्याच उत्तराला मी वाजले. टक. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घालून खाली बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता परत. तेवढ्यात मुद्देसर म्हणाले, "खुर्चीचा एक पाय आखूड आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका. मुलीचं ऐका." परीक्षकांनी खरोखर माझ्यावरची नजर काढून घेतली आणि तिच्याकडे लावली. ती हळू बोलत राहिली, मी मधून मधून वाजत राहिले, आणि शेवटपर्यंत माझ्याकडे एकदाही कुणी बघितलं नाही. ती पास झाली, तेही पहिल्या नंबरानं. आयुष्यात माझा इतका मोठा मान कधी झाला नव्हता.

आता माझी पाठ कुरकुरते, बसायची फळीही जरा चिरली आहे. पुठ्ठ्याचं नवं गाव कपाटावर ठेवलंय, त्यातल्या कोर्टाच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यापुढं कधी कुणी थरथरत बसलं, तर त्याच्या पायांकडे बघू नका. जरा थांबा, त्याला बोलू द्या आणि ऐका. ही माझी साक्ष. आणि ती देताना मी जागची हलले असेन, तर तो दोष माझ्या आखूड पायाचा आहे.